खांदा का आखडतो : दीडशे वर्षांच्या शोधाचा आढावा

फ्रोझन शोल्डर हा चाळीस ते साठ या वयातला आजार आहे आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो. सुरुवात दुखण्याने होते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, आणि काही आठवड्यांत लक्षात येते की हात पाठीमागे जातच नाही. ब्लाउजचा हुक लागत नाही, पँटच्या मागच्या खिशात हात पोहोचत नाही, माळ्यावरचा डबा दुसऱ्याला काढून द्यावा लागतो. तपासताना डॉक्टर स्वतः हात उचलून किंवा बाहेर वळवून पाहतात, तेव्हा तो त्यांच्याकडूनही हलत नाही. निदानातली महत्त्वाची खूण हीच. खांद्याचा स्नायुबंध फाटला असेल तर रुग्णाला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बहुधा वर जातो. इथे सांधाच अडलेला असतो, आणि एक्स-रेमध्ये मात्र काहीच दिसत नाही.

साधारण लोकसंख्येत दोन ते पाच टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो असे मानले जाते. म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबात किंवा कचेरीत एखादा रुग्ण सापडतोच. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘मी असे काय केले?’ घरातून उत्तरे लगेच येतात : जड उचलले, एसीचा वारा लागला, एकाच कुशीवर झोपलास, व्यायाम सोडलास. दवाखान्यात विचारणा होते ती साखरेची, थायरॉइडची, मासिक पाळी थांबली का याची. प्रयोगशाळेत तिसरीच चर्चा चालते, पेशींची आणि तंतूंची. या तिन्ही ठिकाणच्या उत्तरांचे आज काय उरले आहे, ते या लेखात पाहू. उपचारांची चर्चा इथे केलेली नाही.

दोष कोणाचा : पिशवी, स्नायुबंध की वेष्टन

आयुर्वेदाच्या ग्रंथांत खांद्याच्या वातविकारांमध्ये अवबाहुक येतो. सुश्रुतसंहितेतही त्याचा उल्लेख आहे. आजचे वैद्य फ्रोझन शोल्डरचा विचार बहुधा त्याच सदराखाली करतात. मात्र त्या जुन्या वर्णनात आज वेगवेगळे समजले जाणारे काही विकार एकत्र आलेले असण्याची शक्यता आहे, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असे ठामपणे म्हणता येत नाही.

आधुनिक वैद्यकात या आजाराची नोंद १८७२ साली पॅरिसचे शल्यविशारद सिमॉन-एमान्युएल द्युप्ले यांनी केली. त्यांच्या मते दोष सांध्यात नव्हता; खांद्याच्या वरच्या बाजूला हाड आणि स्नायू यांच्यामध्ये जी स्निग्ध पिशवी असते, तिच्यात होता. १९३४ मध्ये बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव रूढ केले. त्यांचा संशय स्नायुबंधावर होता, पण हा आजार नीट सांगायलाही कठीण आणि बरा करायलाही कठीण आहे, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले. १९४५ मध्ये ज्युलियस नेव्हिएझर यांनी शस्त्रक्रियेत आणि शवविच्छेदनात खांदे उघडून पाहिले, तेव्हा त्यांना सांध्याभोवतीचे वेष्टन, म्हणजे कॅप्सूल, जाड झालेले आणि आक्रसलेले आढळले. त्यांनी ‘अॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’ हे नाव दिले. ते वेष्टन हाडाला चिकटते, अशी त्यांची समजूत होती. पुढे दुर्बिणीतून सांधा आतून पाहता येऊ लागला, तेव्हा चिकटलेपण फारसे आढळले नाही. आक्रसलेपण मात्र प्रत्येक वेळी दिसले. संशय बदलत बदलत अखेर वेष्टनावर येऊन थांबला, आणि त्यावर आज जवळपास एकमत आहे.

१९६९ मध्ये लुंडबर्ग यांनी आजाराचे दोन वर्ग केले. कारण सापडत नाही तो प्राथमिक. इजा, शस्त्रक्रिया किंवा दुसऱ्या आजारामागून येतो तो दुय्यम. ही वाटणी सोयीची आहे म्हणून टिकली, पण तिने एक घोळही घातला. मधुमेहाच्या रुग्णाचा खांदा काही अभ्यासांत प्राथमिक गटात धरला जातो, काहींत दुय्यम गटात. हात मोडल्यानंतर आखडलेला खांदा आणि आपोआप आखडलेला खांदा एकाच यादीत येतात. म्हणून कारणांविषयीचे दोन अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत असे दिसले, की आधी त्यांनी रुग्ण कोणते घेतले होते ते पाहावे लागते.

वेष्टनात नेमके काय होते

निरोगी खांद्याचे वेष्टन सैल असते. सदऱ्याच्या बगलेत हात वर करता यावा म्हणून कापड मोकळे ठेवतात, तशी या वेष्टनाला काखेच्या बाजूला एक चुणी असते. आजारात ती नाहीशी होते. एरवी वीस-तीस मिलिलिटर द्रव मावू शकणाऱ्या सांध्यात दहा मिलिलिटरही मावेनासा होतो. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जाड होतो तो पुढच्या बाजूचा भाग, विशेषतः कोराकोह्युमरल बंध. हात बाहेरच्या बाजूला वळवणे सर्वांत आधी का अडते, याचा खुलासा यातून होतो.

हे कसे घडते यावर दोन मुख्य मते आहेत.

पहिले मत तंतूंचे. १९९५ मध्ये इंग्लंडमधील टिम बंकर आणि अँथनी यांनी शस्त्रक्रियेत काढलेले वेष्टनाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना दाहाच्या खुणा फारशा आढळल्या नाहीत. आढळल्या त्या तंतू तयार करणाऱ्या पेशी, आणि त्यांच्यातल्या काही स्नायूसारख्या आकुंचन पावणाऱ्या. हे चित्र ड्युप्युट्रेन या आजाराशी जुळणारे होते. त्या आजारात तळहाताच्या कातडीखालचे तंतू आखडतात आणि बोटे वाकतात. २००१ मध्ये बंकर यांच्याच गटाने फ्रोझन शोल्डरच्या रुग्णांचे तळहात तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत ड्युप्युट्रेनच्या खुणा सापडल्या. या जुळणीला आपल्याकडे मात्र सावधपणे पाहायला हवे. ड्युप्युट्रेन हा मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचा आजार आहे आणि भारतात तो विरळा दिसतो. आखडलेले खांदे मात्र आपल्याकडे भरपूर आहेत.

दुसरे मत दाहाचे. २००७ मध्ये ऑक्सफर्डमधील हँड आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या नमुन्यांत मास्ट पेशी, टी आणि बी लिम्फोसाइट, मॅक्रोफेज अशा प्रतिकारशक्तीच्या पेशी स्पष्ट दिसल्या. या मतानुसार आधी दाह सुरू होतो, नव्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू वाढतात, म्हणून सुरुवातीला असह्य दुखते. तंतूंची दाटी त्यामागून येते. ग्लासगोमधील नील मिलर यांच्या गटाने नंतर जे काम केले, त्यात तंतू बनवणाऱ्या पेशी स्वतःच दाह पेटता ठेवणाऱ्या अवस्थेत गेलेल्या आढळल्या. म्हणजे या दोन मतांतले अंतर आता पूर्वीइतके राहिलेले नाही.

माझ्या मते या वादाचे एक साधे कारण नमुन्यांत आहे. वेष्टनाचा तुकडा मिळतो तो शस्त्रक्रियेच्या वेळी, आणि शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणारे रुग्ण बहुतेक उशिराचे आणि हट्टी दुखण्याचे असतात. पहिल्या महिन्यात सांध्यात काय चालले होते हे पाहण्यासाठी कोणी खांदा उघडत नाही. अग्निशमन दल निघून गेल्यावर आग कशी लागली हे शोधण्यासारखेच ते आहे.

या चर्चेतला सर्वांत बोलका पुरावा योजना न करताच हाती आला. कर्करोगावर मॅरिमास्टॅट नावाचे एक औषध वापरून पाहिले जात होते. हे तंतू ज्या प्रथिनाचे बनतात ते जुने कोलॅजेन कापून काढणारी काही विकरे शरीरात सतत काम करत असतात. हे औषध त्यांना अडवते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार, जठराचा कर्करोग असलेल्या १२ रुग्णांना ते दिले गेले आणि त्यांपैकी ६ जणांचे दोन्ही खांदे आखडले. काहींच्या तळहातांत ड्युप्युट्रेनच्या खुणाही उमटल्या. तंतू जास्त तयार होणे हाच एक मार्ग नाही. जुने तंतू वेळेवर मोडले गेले नाहीत तरी खांदा आखडू शकतो, हे यातून ठळकपणे दिसते. एचआयव्हीवरच्या इंडिनाविरसारख्या औषधांनंतरही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. या मार्गाने खांदा आखडू शकतो एवढेच या घटना सांगतात. सर्व रुग्णांत हेच घडते, असे त्यांवरून म्हणता येत नाही.

मधुमेह : सर्वांत पक्का दुवा

बाकी सगळ्या कारणांवर वाद असले तरी मधुमेहावर नाहीत. १९७२ मध्ये ब्रिजमन यांनी मधुमेहाच्या ८०० रुग्णांची तुलना मधुमेह नसलेल्या ६०० जणांशी केली. पहिल्या गटात हा त्रास १०.८ टक्के लोकांना होता, दुसऱ्यात २.३ टक्क्यांना. २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यातही मधुमेहींमधले प्रमाण सुमारे १३ टक्के निघाले आणि धोका पाचपट दिसला. फ्रोझन शोल्डरच्या एकूण रुग्णांत मधुमेही जवळपास ३० टक्के होते. मधुमेहींचे खांदे अधिक चिवटपणे आखडतात आणि दुसऱ्या बाजूलाही त्रास होण्याची शक्यता जास्त असते, हा बहुतेक अस्थिरोगतज्ज्ञांचा अनुभव आहे.

असे का होत असावे? रक्तात साखर दीर्घकाळ जास्त राहिली की ती कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते आणि धाग्यांमध्ये आडवे बंध तयार होतात. अशा बांधलेल्या धाग्यांची लवचिकता जाते आणि विकरांना ते कापणे जड जाते. आखडलेल्या वेष्टनांत या साखर-प्रथिन संयुगांचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. मधुमेहात बोटांचे सांधे ताठ होतात, ट्रिगर फिंगर होते, ते याच प्रकारात मोडते. हा खुलासा पटण्यासारखा आहे, पण त्यात एक गाठ आहे. तो पूर्ण खरा असता तर साखर जितकी बेताल तितके आखडणे अधिक, असे सरळ नाते दिसायला हवे होते. प्रत्यक्षात मधुमेह किती वर्षे आहे याच्याशी नाते बऱ्यापैकी दिसते, तर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसीच्या आकड्याशी ते प्रत्येक अभ्यासात दिसत नाही.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा आक्षेपही बराच काळ उभा होता. २०२१ मध्ये त्याला बरेचसे उत्तर मिळाले. यूके बायोबँक या ब्रिटनमधील आरोग्य-माहितीच्या साठ्यातील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय माहितीवर इंग्लंडमध्ये काम झाले. मधुमेहाची जनुकीय प्रवृत्ती जन्मापासून ठरलेली असते, नंतरच्या सवयी किंवा औषधे ती बदलत नाहीत. म्हणून तिच्या आधारे कारण आणि योगायोग वेगळे करता येतात. या पद्धतीने मधुमेह हा खरोखरच कारक घटक असल्याचा पुरावा मिळाला. लठ्ठपणा कारक असल्याचा तसा पुरावा मिळाला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या बाबतीत दाखवून दिले आहे की अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त आणि मधुमेहाचा धोका मोठा असू शकतो. त्यामुळे ‘मी तर बारीक आहे, मला साखर कशी असेल’ असे खांदा धरलेल्या कोणी म्हटले, तर त्या तर्काला इथे आधार नाही.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आणि मधुमेहपूर्व अवस्थेतल्यांची सुमारे साडेतेरा कोटी असल्याचा अंदाज दिला. आखडलेल्या खांद्यांचा प्रश्न आपल्याकडे किती मोठा आहे, हे यावरूनच समजावे.

थायरॉइड, रजोनिवृत्ती आणि आनुवंशिकता

थायरॉइडचा संबंध नोंदला गेला आहे, पण त्याची बाजू मधुमेहाइतकी भक्कम नाही. ब्राझीलमधल्या २०१७ च्या एका तुलनेत फ्रोझन शोल्डरच्या रुग्णांमध्ये थायरॉइड मंदावल्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त होते; तैवानमधल्या एका मोठ्या अभ्यासात थायरॉइड जास्त काम करणाऱ्यांत धोका थोडा वाढलेला दिसला. एकाच ग्रंथीच्या परस्परविरुद्ध बिघाडांतून तोच परिणाम कसा होतो, याचा समाधानकारक खुलासा अजून नाही. रक्तातल्या वाढलेल्या चरबीचाही संबंध दिसतो, मात्र त्यातला मधुमेहाचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते.

स्त्रियांमध्ये हा आजार नेमका रजोनिवृत्तीच्या वयात येतो, ही गोष्ट तज्ज्ञ आणि रुग्ण दोघांनाही केव्हापासून दिसत आहे. तरीही यावर नीट अभ्यास फार उशिरा सुरू झाले, याची खंत वाटते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये खांदेदुखी असलेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. संप्रेरक-उपचार घेणाऱ्यांत फ्रोझन शोल्डरचे प्रमाण कमी होते, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. इस्ट्रोजेनचा दाह आणि कोलॅजेन या दोन्हींवर परिणाम होतो, म्हणून कल्पना निराधार नाही. मात्र पुरुषांनाही हा आजार याच वयात का होतो, ते इस्ट्रोजेनवरून सांगता येत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा आता नाकारता येणार नाही. ब्रिटनमधील जुळ्या स्त्रियांच्या २००३ मधल्या अभ्यासात आजाराच्या प्रवृत्तीतला सुमारे ४२ टक्के फरक आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला. वर सांगितलेल्या २०२१ च्या अभ्यासात जनुकसंचावरच्या पाच जागा सापडल्या. त्यांतली सर्वांत ठळक जागा डब्ल्यूएनटी७बी या जनुकाजवळ आहे, आणि तीच ड्युप्युट्रेनशीही जोडलेली आहे. बंकर यांनी १९९५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून जे नाते सुचवले, त्याला असा स्वतंत्र आधार मिळाला. पण हा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचा आहे. भारतीय रुग्णांचे चित्र तसेच निघेल, असे आधीच गृहीत धरता येणार नाही.

हात न हलवल्याने खांदा आखडतो का

घराघरांत ऐकू येणारे उत्तर हेच, आणि त्याला पूर्णपणे चूक ठरवता येत नाही. हात मोडून गळ्यात बांधलेला राहिला, स्तनाच्या कर्करोगाची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली, पेसमेकर बसवला, पक्षाघाताने बाजू लुळी पडली, तर त्यानंतर खांदे आखडतात. प्रयोगशाळेत कुत्र्यांचा खांदा बारा आठवडे बांधून ठेवला तर वेष्टन आक्रसते. मात्र त्याच प्रयोगात बंधन काढल्यावर काही आठवड्यांत हालचाल परत आली. माणसाचा फ्रोझन शोल्डर इतक्या सहज सुटत नाही. शिवाय हात बांधून ठेवलेल्या बहुसंख्य लोकांना तो होत नाही, आणि आपोआप सुरू झालेल्या आजारात दुखणे आधी येते, हात जपणे नंतर. हालचाल थांबणे हे प्रवृत्ती असलेल्या माणसाला पुढे ढकलणारे कारण असावे, एकटे पुरेसे नसावे, असा बहुतेकांचा कल आहे.

इथेच पार्किन्सनचाही उल्लेख करायला हवा. १९८९ मध्ये कॅनडातील रायली आणि सहकाऱ्यांनी १५० रुग्णांत पाहिले, की काहींचा खांदा थरथर किंवा मंदपणा दिसण्याच्या आधीच आखडला होता. त्या हाताची हालचाल नकळत कमी झालेली असते, हा त्याचा संभाव्य खुलासा. उतारवयात एकाच बाजूचा खांदा आखडला आणि चालताना तो हात हलत नसेल, तर हे ध्यानात ठेवावे.

मागे पडलेली आणि अधांतरी राहिलेली मते

१९५० च्या दशकात अशा रुग्णांचा स्वभावच विशिष्ट, चिंतातुर आणि वेदना सहन न करणारा असतो, असे मत मांडले गेले. पुढच्या पाहण्यांत त्याला आधार मिळाला नाही. महिनोन्महिने नीट झोप न झालेला माणूस चिंतातुर दिसणारच. परिणामालाच कारण ठरवण्याचा हा प्रकार होता, असे मला वाटते. १९७० च्या दशकातले एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेशी सुचवलेले नातेही पुन्हा सिद्ध झाले नाही.

जंतूंचा सिद्धान्त अजून निकालात निघालेला नाही. २०१४ मध्ये बंकर यांच्या गटाने १० रुग्णांच्या वेष्टनाचे नमुने वाढवून पाहिले. ८ नमुन्यांत जंतू उगवले, त्यांपैकी ६ मध्ये मुरुमांशी संबंधित असलेला प्रोपिओनिबॅक्टेरियम अॅक्नेस होता. हा जंतू खांद्याच्या कातडीवर असतोच, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी तो नमुन्यात मिसळला असण्याची शंका राहते, आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा निष्कर्ष टिकला नाही. लस चुकीच्या जागी, फार वर टोचली गेली तर खांद्यात दाह होऊन हालचाल अडू शकते. अशा नोंदी खऱ्या आहेत, पण फ्रोझन शोल्डरच्या एकूण रुग्णांत त्यांचा वाटा लहान आहे.

अजून न सुटलेले

हा आजार खांद्यालाच का होतो? गुडघा किंवा कोपर आपोआप असा का आखडत नाही? एकदा बरा झालेला खांदा सहसा पुन्हा आखडत नाही, पण काही वर्षांत दुसरा मात्र आखडू शकतो, ते कशामुळे? कोणत्याही एका सिद्धान्ताला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता आलेली नाहीत.

संशोधकांना सर्वांत जास्त खुणावणारा प्रश्न मात्र आजार ओसरण्याचा आहे. फुफ्फुसात तंतूंची दाटी झाली की ती सहसा मागे फिरत नाही. खांद्यात ती बऱ्याच प्रमाणात आपोआप ओसरते. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने वेष्टनातल्या एकेका पेशीचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात काही विशिष्ट मॅक्रोफेज तंतू बनवणाऱ्या पेशींना शांत करत असावेत असे दिसले. आजार का सुरू होतो याचे उत्तर तो का थांबतो यात दडलेले असू शकते, आणि मला हीच वाट सर्वांत आश्वासक वाटते.

‘आपोआप बरा होतो’ या समजुतीलाही मर्यादा आहे. १९७५ मध्ये रीव्ह्ज यांनी ४१ रुग्णांचा पाच ते दहा वर्षे पाठपुरावा केला. आजार सरासरी अडीच वर्षे चालला, आणि हालचाल पूर्ण परत मिळालेले रुग्ण निम्म्याहून कमी होते, जरी रोजची कामे बहुतेकांना करता येत होती. १९९२ च्या शाफर यांच्या अभ्यासात सरासरी सात वर्षांनंतरही निम्म्या लोकांना सौम्य दुखणे किंवा ताठरपणा होता. २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या पाहणीत चार-साडेचार वर्षांनी ५९ टक्के खांदे जवळपास पूर्ववत होते, ६ टक्क्यांचा त्रास तीव्र होता. कोणाचा खांदा सुटेल आणि कोणाचा अडून राहील, हे आधी सांगण्याची पद्धत आजही नाही.

या सगळ्यावरून माझे मत असे झाले आहे, की ‘फ्रोझन शोल्डरचे कारण काय’ या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळले गेले होते : प्रवृत्ती कोणात असते, ठिणगी कशाने पडते, आणि पडल्यावर ती विझत का नाही. पहिल्या प्रश्नाला आनुवंशिकता आणि मधुमेह ही बऱ्यापैकी ठोस उत्तरे मिळाली आहेत. तिसऱ्याचे चित्र पेशींच्या पातळीवर उलगडू लागले आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत आपल्याजवळ नाही, आणि म्हणूनच त्या रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी चूक कुठे झाली हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

ज्यांचा खांदा आखडला आहे त्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासून घ्यावी. थायरॉइडची तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारावे. सांध्याची झीज, निखळलेला खांदा किंवा हाडातली गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एक साधा एक्स-रे जरूर काढावा. आणि निदान झाल्याशिवाय कोणाकडूनही हात ओढून किंवा झटका देऊन घेऊ नये.